शोधूनही न सापडणाऱ्या मराठी फायली

प्रश्न : मी वाई येथे राहणारी निवृत्त मराठी शिक्षिका आहे. १९९६ पासून निवृत्त होईपर्यंत शाळेच्या वार्षिकांकाचे संपादन माझ्याकडे होते. ते सगळे अंक आमच्या संगणकाच्या डी ड्राइव्हवर आहेत, काही जुने अंक सीडींवर आहेत. त्याच संगणकात शेतजमिनीचे उतारे, विमा आणि आयकराची कागदपत्रे आणि हजारो छायाचित्रे आहेत. यंदा शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी एका माजी विद्यार्थ्याची जुनी कविता हवी होती. कवितेतील शब्द ‘सर्च’मध्ये घालून दोन दिवस शोधले, पण संगणक ‘काहीही आढळले नाही’ असेच सांगत राहिला. फाइल आहे हे मला पक्के ठाऊक आहे. मुलगा म्हणतो, फोल्डर कशाला करतेस, सर्च कर. सून म्हणते, सगळे क्लाउडवर टाका; डेस्कटॉपवर फायली पसरून ठेवण्याची माझी सवयही तिला खटकते. मी दोनदा फोल्डर लावायला घेतले आणि दोन्ही वेळा अर्ध्यावर सोडले. सुरुवात कोठून करू?

उत्तर :

आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार.

दोन दिवस शोधूनही कविता मिळाली नाही, यात तुमच्याकडून काहीही चुकलेले नाही. तुम्ही दिलेल्या तपशिलांवरून मला त्याची तीन कारणे दिसतात. त्यांचा तुमच्या आवराआवरीशी फारसा संबंध नाही; मराठी मजकूर संगणकात कसा साठवला जातो, याच्याशी ती निगडित आहेत. म्हणून फोल्डर लावण्याचे काम तूर्त बाजूला ठेवा. शोध नेमका कोठे अडतो हे आधी पाहू, म्हणजे काय लावायचे आणि काय न लावता तसेच राहू द्यायचे, हेही पुष्कळसे स्पष्ट होईल.

पहिले कारण डी ड्राइव्हचे आहे. आपल्याकडे संगणक बसवून देणारा तंत्रज्ञ डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतो आणि ‘कामाचे सगळे डीवर ठेवा, विंडोज पुन्हा टाकावे लागले तरी ते शाबूत राहील’ असे बजावून जातो. हा सल्ला वाईट नाही. पण विंडोज फायलींतील शब्दांची एक अनुक्रमणिका आतल्या आत तयार करत असते आणि शोध घेताना मुख्यतः तिच्यावरच विसंबते. ही अनुक्रमणिका मूळ मांडणीत डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा ठरावीक जागांपुरतीच असते. तुमचा डी ड्राइव्ह बहुधा तिच्यात नसावा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘सर्चिंग विंडोज’ नावाचे पान आहे. तेथे ‘क्लासिक’ऐवजी ‘एनहान्स्ड’ हा पर्याय निवडला की संपूर्ण संगणक तिच्या कक्षेत येतो. पहिल्या वेळी या कामाला काही तास लागतात, तेवढा वेळ संगणक चालू राहू द्या. शिवाय ‘एव्हरीथिंग’ नावाची एक विनामूल्य आज्ञावली (प्रोग्रॅम) उतरवून घ्या. ती फायलींच्या आत डोकावत नाही, पण सर्व ड्राइव्हवरील फायलींची आणि फोल्डरांची नावे अक्षर टंकताक्षणी समोर आणते, नावाच्या मधल्या तुकड्यावरूनही शोधते, आणि देवनागरी नावेही ओळखते. पुढे मी नावांविषयी जे सांगणार आहे, ते सगळे या आज्ञावलीमुळे फळाला येईल.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे आणि तुमची कविता त्यातच अडकली असणार, असे मला वाटते. १९९६ साली आपण मराठी टंकत होतो ते श्रीलिपी, शिवाजी, आयएसएमचे फॉन्ट किंवा तशाच एखाद्या प्रणालीत. हे सगळे फॉन्ट एका युक्तीवर चालत. संगणकाला ठाऊक असत ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. फॉन्ट त्या अक्षरांच्या जागी पडद्यावर मराठी आकार काढून दाखवी. तुमच्या फायलीत ‘पाऊस’ हा शब्द आजही इंग्रजी अक्षरे आणि विचित्र चिन्हे यांच्या चार-पाच संकेतांकांच्या रूपातच पडून आहे. फॉन्ट नसलेल्या संगणकावर अशी फाइल उघडली की पडद्यावर अगम्य रोमन अक्षरांचा सडा दिसतो, हे तुम्ही पाहिले असेलच. तुम्ही आज ‘पाऊस’ टंकता तेव्हा तो शब्द युनिकोडमध्ये उमटतो, कारण युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, परंतु घरोघरच्या संगणकांवर ती रुळायला पुढे कितीतरी वर्षे गेली. तुम्ही शोधलेला शब्द आणि फायलीतला शब्द डोळ्यांना सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी त्यांच्यात एकही अक्षर समान नाही.

अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करून देणारी साधने आहेत, काही विनामूल्यही आहेत. पण प्रत्येक फॉन्टचा सांकेतिक तक्ता वेगळा असल्यामुळे तुमचा फॉन्ट नेमका कोणता हे आधी ठाऊक हवे. रूपांतर झाल्यावर मजकूर वाचून तपासावाच लागतो. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई आणि रफार अक्षरानंतर. म्हणजे डोळ्याला जसे दिसते तसे. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो : ‘शिक्षक’मध्ये आधी श, मग वेलांटी, ‘वर्ग’मध्ये आधी र, मग ग. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला ही अदलाबदल करावी लागते आणि जोडाक्षरात वेलांटी व रफार एकत्र आले, जसे ‘मूर्ती’ किंवा ‘वार्षिक’, की तेथे तिची गफलत होण्याचा संभव सर्वाधिक असतो. इतक्या वर्षांच्या अंकांचे असे रूपांतर करून ते तपासणे हे काही वर्षांचे काम आहे. ते तुम्ही अंगावर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी एक सूची करा. एक्सेलमध्ये किंवा साध्या वर्ड फायलीतील तक्त्यात, युनिकोड मराठीत, प्रत्येक लेखाला वा कवितेला एक ओळ : अंकाचे वर्ष, शीर्षक, लिहिणाऱ्याचे नाव आणि इयत्ता, पहिली ओळ, पान क्रमांक, आणि मजकूर ज्या फायलीत आहे तिचे नाव. छापील अंक शाळेच्या ग्रंथालयात असतीलच. ते समोर घेऊन अनुक्रमणिकेवरून ही सूची भरता येईल, जुनी फाइल उघडण्याचीही गरज पडणार नाही. ग्रंथालयात कार्डांची सूची जे काम करी, तेच काम ही एक फाइल करेल. सूची शोधता येते, मूळ मजकूर शोधता आला नाही तरी चालतो. ज्या मोजक्या लेखांची पुन्हा छपाई करायची असेल, तेवढ्यांपुरता मजकूर नव्याने टंकावा किंवा छापील पानाचे स्वच्छ छायाचित्र काढून त्यातून अक्षरओळख करून घ्यावी. गूगल ड्राइव्हवर असे छायाचित्र ठेवून ते ‘गूगल डॉक्स’ने उघडले की छापील मराठीचा मजकूर बऱ्यापैकी शुद्ध युनिकोडमध्ये मिळतो. एका कवितेसाठी जुन्या फॉन्टच्या रूपांतरापेक्षा हा मार्ग जवळचा आहे.

मूळ फायलींबाबत दोन गोष्टी मात्र आवर्जून करा. ज्या फॉन्टमध्ये अंक जुळवले होते त्या फॉन्टची फाइल अंकाच्या फोल्डरमध्येच ठेवा, कारण ती हरवली तर मजकूर वाचणे फार कठीण होईल. आणि अंक पेजमेकर या पाने जुळवण्याच्या जुन्या आज्ञावलीत जुळवलेले असतील, तर त्यांची पीडीएफ प्रत आताच करून घ्या. पेजमेकरची शेवटची, म्हणजे ७.० ही आवृत्ती २००१ साली आली. आजच्या संगणकावर ते चालवणे जिकिरीचे आहे. लिबरऑफिस या विनामूल्य संचात २०१५ पासून पेजमेकरच्या फायली उघडण्याची सोय आहे. मांडणी थोडी विस्कटते, मजकूर मात्र हाती लागतो. पीडीएफ केल्यानेही तो मजकूर शोधता येणार नाही, तो केवळ वाचता येईल. शोधण्याचे काम सूचीचेच राहील.

तिसरे कारण तुम्ही अलीकडे युनिकोडमध्ये टंकलेल्या फायलींनाही लागू पडते आणि मराठीच्या शिक्षिकेला ते लगेच उमजेल. संगणक शब्दाचा अर्थ पाहत नाही, अक्षरांची रांग जुळवतो. त्यामुळे आपल्या भाषेतील सामान्यरूप शोधाच्या आड येते. ‘जमीन’ शोधली तर ‘जमिनीची मोजणी’ हाती लागेलच असे नाही, कारण ‘मी’ची दीर्घ वेलांटी ‘मि’ झालेली असते. ‘विहीर’ आणि ‘विहिरीचा’, ‘शाळा’ आणि ‘शाळेतील’, ‘पाणी’ आणि ‘पाण्याचा’ यांचेही तेच. उपाय असा की, मजकुरात शोधताना शब्दाचा न बदलणारा आरंभच तेवढा टंकावा : ‘जम’, ‘विह’, ‘शाळ’, ‘पाण’. काही अनावश्यक फायलीही समोर येतील, पण हवी ती निसटणार नाही. आणि फाइलीला नाव देताना शब्द मूळ रूपातच ठेवावा : ‘जमिनीची मोजणी’ नव्हे, ‘जमीन मोजणी’, ‘विहिरीच्या दुरुस्तीचे बिल’ नव्हे, ‘विहीर दुरुस्ती बिल’. नावाला व्याकरणाचे सौष्ठव कमी पडेल, पण वर्षभराने शोधताना तोंडून जो शब्द निघणार आहे तोच त्या नावात असेल.

याच्याही पलीकडे एक बारकावा आहे, जो न कळल्यामुळे अनेक मराठी लेखक-संपादक हैराण होतात. काही अक्षरे दिसायला एकच असूनही संगणकात दोन तऱ्हांनी लिहिलेली असतात. ‘ॲडव्होकेट’मधील पहिले अक्षर घ्या. युनिकोडमध्ये २००८ सालापासून त्यासाठी एक स्वतंत्र वर्ण आहे. त्याआधी, आणि काही कळफलकांवर आजही, ‘अ’ टंकून त्यावर चंद्र देऊन तेच अक्षर काढले जाते. छापून पाहिले तर फरक दिसत नाही, पण शोधताना दोन्ही वेगवेगळे ठरतात. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांचा’ यांतील अर्ध्या र्‍याचेही तसेच : संगणकावरील कळफलक तो एका रीतीने उमटवतो, फोनवरील दुसऱ्या रीतीने. तुम्ही स्वतः टंकलेला शब्द तुम्हालाच सापडत नसेल, तर त्यात असे अक्षर आहे का ते आधी पाहा. असल्यास ते अक्षर सोडून शब्दाचा उरलेला भाग शोधा. ‘शेतक’ एवढे टंकले तरी पुरते.

स्कॅन केलेल्या कागदांची गोष्ट सरळ आहे. पीडीएफ उघडून एखाद्या शब्दावरून माऊस ओढा. शब्द निवडला गेला तर आत मजकूर आहे; संपूर्ण पान एका चित्रासारखे वागले तर ते केवळ चित्र आहे आणि त्याच्या आत काय लिहिले आहे हे शोध-आज्ञावलीला कधीच कळणार नाही. जुने हस्तलिखित फेरफार तर अक्षरओळखीच्या आज्ञावलीलाही बहुधा वाचता येत नाहीत. अशा फायलींच्या बाबतीत नाव हाच एकमेव आधार असतो, आणि म्हणून नाव देणे हे या सगळ्या खटाटोपातील सर्वांत महत्त्वाचे काम आहे असे मी मानतो.

जमिनीच्या उताऱ्याचेच उदाहरण घेऊ. तुम्ही फाइलीला ‘7/12’ असे नाव देऊ पाहाल तर विंडोज ते स्वीकारणार नाही, कारण तिरकी रेघ नावात चालत नाही. विसर्गासारखे दिसणारे दोन टिंबांचे चिन्ह, प्रश्नचिन्ह आणि दुहेरी अवतरणचिन्हही चालत नाही. म्हणून लोक कधी ‘7-12’, कधी ‘712’, कधी ‘७ १२’ असे लिहितात. संगणकाच्या दृष्टीने देवनागरी ७ आणि इंग्रजी 7 ही साधारणपणे दोन भिन्न चिन्हे आहेत; त्यामुळे चार वर्षांचे चार उतारे चार शोधांत सापडतात. एकदाच ठरवून टाका : उताऱ्याला नेहमी ‘सातबारा’ म्हणायचे, तारखा आणि गट क्रमांक नेहमी इंग्रजी आकड्यांत लिहायचे, आणि तारीख वर्षापासून सुरू करायची. म्हणजे नाव असे होईल : ‘2019-06-12 सातबारा गट 214’. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवला की यादी नावानुसार लावताच ती आपोआप कालक्रमाने लागते. ‘12-06-19’ असे लिहिले तर जूनची बारा आणि डिसेंबरची सहा यांचा घोळ होतो आणि क्रमही बिघडतो. ही तारीख कागदावरील असावी, तुम्ही तो उतरवून घेतल्याची नव्हे.

फाइलीच्या माहितीत संगणक जी तारीख दाखवतो तिच्यावर विसंबू नका. फाइल एका डिस्कवरून दुसरीवर नकलली की ‘क्रिएटेड’ या रकान्यात नकल केल्याचा दिवस येतो; १९९८ चा अंक आज सीडीवरून उतरवला तर तो आजच जन्मला, असे ती तारीख सांगेल. तसेच, शासनाच्या संकेतस्थळावरून घेतलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मूळ पीडीएफ स्वरूपातच जपा. नाव बदलल्याने स्वाक्षरीला काहीही होत नाही, पण तोच उतारा छापून पुन्हा स्कॅन केला तर हाती राहते ते नुसते चित्र, त्यातील डिजिटल स्वाक्षरी पडताळता येत नाही.

आता फोल्डर. तुम्ही दोन्ही वेळा अर्ध्यावर का थांबलात, याचा अंदाज मला तुमच्या पत्रावरूनच येतो : तुम्ही जुन्यापासून सुरुवात केलीत. वीस-पंचवीस वर्षांचा साठा एका दमात लावणे कोणालाही शक्य नसते, आणि त्याची गरजही नसते. डी ड्राइव्हवर ‘जुने’ नावाचा एक फोल्डर करा आणि आज जे काही आहे ते, ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर (२)’ यांसह, जसेच्या तसे त्यात हलवा. काहीही वाचू नका, काहीही पुसू नका. यापुढे ज्या दिवशी त्यातील एखादी फाइल लागेल, त्या दिवशी ती शोधा, तिला वर सांगितल्याप्रमाणे नाव द्या आणि नव्या जागी ठेवा. जी फाइल कधीच लागणार नाही, तिच्यावर तुमचा वेळ खर्च होणार नाही.

नव्या मांडणीत वरच्या पातळीवर पाच-सहाच फोल्डर असावेत आणि ते फाइलीच्या प्रकारावरून नव्हे, तर ती लागते त्या प्रसंगावरून पाडावेत. ‘पीडीएफ’, ‘वर्ड’, ‘स्कॅन’ असे फोल्डर करण्याची पद्धत फार दिसते, पण तलाठी कार्यालयात निघताना कोणी पीडीएफ शोधत नाही, जमिनीचे कागद शोधते. जमीन-घर, पैसे-कर, आरोग्य-विमा, वार्षिकांक, छायाचित्रे आणि चालू कामे, एवढे तुमच्यासाठी पुरे. त्यांच्या आत आणखी एक पातळी, फार तर दोन. खोल पायऱ्या आणि लांबलचक नावे यांनी आणखी एक अडचण होते : मार्गासह संपूर्ण नाव २६० अक्षरांच्या पलीकडे गेले की विंडोजमधील कित्येक आज्ञावल्या ती फाइल उघडण्यास किंवा नकलण्यास नकार देतात.

‘चालू कामे’ हा फोल्डर मी मुद्दाम सुचवतो. डेस्कटॉपवर फायली पसरून ठेवण्याची तुमची सवय सूनबाईंना खटकते असे तुम्ही लिहिले आहे, परंतु तिच्यामागे कारण आहे. थॉमस मालोन या संशोधकाने १९८३ साली कार्यालयीन टेबलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. टेबलावर समोर ठेवलेले कागद केवळ सापडावेत म्हणून नव्हे, तर काम राहिले आहे याची आठवण राहावी म्हणूनही तेथे असतात, हे त्याने त्यात दाखवून दिले. तेव्हा डेस्कटॉप पूर्ण मोकळा करण्याचा हट्ट नको. स्मरणिकेचे काम चालू आहे तोवर तिचा फोल्डर समोरच असू द्या. छापून झाली की तो वार्षिकांकाच्या फोल्डरमध्ये जाईल.

ईमेलच्या बाबतीत मात्र तुमच्या मुलाचे म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. स्टीव्ह व्हिटेकर हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ३४५ जणांच्या ईमेल-वापराची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांनी खपून बारीक बारीक फोल्डर केले होते, त्यांना जुने पत्र शोधण्यात त्याचा काही लाभ झालेला तीत दिसला नाही; शोधपेटी वापरणाऱ्यांचे काम लवकर होत होते. पत्राला पाठवणारा, दिनांक, विषय हे सगळे आधीच चिकटलेले असते. फाइलीला ते नसते, आपणच द्यावे लागते. म्हणून ईमेलमध्ये फोल्डर करूच नका. फक्त महत्त्वाचे जोडपत्र त्याच दिवशी उतरवून, नाव देऊन, योग्य फोल्डरमध्ये ठेवा.

छायाचित्रांपैकी एकेकाला नाव देत बसू नका. वर्षाचा एक फोल्डर आणि त्याच्या आत प्रसंगाचा एक, जसे ‘2014-12 स्नेहसंमेलन’, एवढे पुरते. कॅमेऱ्याने किंवा फोनने काढलेल्या छायाचित्रात ते टिपल्याची तारीख आतच नोंदलेली असते आणि विंडोजमध्ये ‘डेट टेकन’ या रकान्यावरून त्यांचा क्रम लावता येतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या छायाचित्रातून मात्र ही नोंद गळलेली असते. त्यांच्या नावातील आकडे साधारणतः ते तुमच्याकडे आल्याची तारीख सांगतात, काढल्याची नव्हे. समारंभाची छायाचित्रे कोणाकडून मागवायची असतील तर ती व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे ती मूळ आकारात आणि तारखेसह येतील. शाळेच्या गटछायाचित्रांसाठी मात्र थोडे कष्ट घ्याच. त्या फोल्डरमध्ये ‘कोण कोण’ नावाची एक साधी मजकूर-फाइल ठेवून तीत ‘मागील रांग, डावीकडून’ असे म्हणून जेवढी नावे आठवतील तेवढी लिहा. ती नावे आज तुमच्याइतकी कोणाला ठाऊक नसतील, आणि ती एकदा युनिकोडमध्ये लिहिली की आडनावावरून छायाचित्र सापडू लागते. जुन्या कागदी छायाचित्राच्या मागे काही लिहिलेले असेल तर ती बाजूही स्कॅन करा.

सूनबाईंच्या क्लाउडविषयी. क्लाउडवर ठेवणे सोयीचे आहे, मुलाला पुण्याहून सातबारा लागला तर तो तेथूनच घेता येईल. पण संगणकाशी जोडलेले क्लाउड हे एकाच प्रतीचे दोन ठिकाणचे दर्शन असते. येथे फाइल पुसली की तेथूनही ती जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते आणि मग कायमची नाहीशी होते. शिवाय गूगलची १५ जीबीची विनामूल्य जागा ईमेल, ड्राइव्ह आणि छायाचित्रे या तिघांत मिळून असते, तुमच्या छायाचित्रांनीच ती भरून जाईल. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला एक नियम येथे उपयोगी आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांपैकी एक घराबाहेर. तुमच्यापुरता त्याचा अर्थ असा की, एक प्रत संगणकावर, दुसरी बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर, आणि अत्यंत महत्त्वाच्या फायलींची तिसरी क्लाउडवर किंवा मुलाच्या घरी ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवर. नक्कल करून झाली की हार्ड डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवा. ती कायम जोडलेली राहिली तर व्हायरस संगणकाबरोबर तिलाही ग्रासू शकतो. महिन्यातला एक ठरावीक दिवस नेमून घ्या. वीजबिल भरण्याचा दिवस असला तरी चालेल.

सर्वांत आधी हाती घ्यायच्या त्या मात्र सीडी आहेत. घरी लिहिलेल्या सीडीचा रंगद्रव्याचा थर कालांतराने खराब होतो आणि मग ती वाचली जात नाही. तो दिवस आधी कळून येत नाही. नव्या संगणकांना सीडीची खाच बहुधा नसते, तेव्हा यूएसबीने जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या किंवा चार दिवसांपुरता मागून आणा. प्रत्येक सीडीचा स्वतंत्र फोल्डर करून, सीडीवर पेनाने जे लिहिले असेल तेच त्याचे नाव ठेवून, सगळे उतरवा. एखादी सीडी मध्येच अडली तर मऊ सुती कापडाने केंद्राकडून कडेकडे, सरळ रेषेत पुसून दुसऱ्या एखाद्या ड्राइव्हमध्ये लावून पाहा. एका ड्राइव्हला न वाचता आलेली सीडी दुसऱ्याला पुष्कळदा वाचता येते. तुम्हाला हवी असलेली कविता या सीडींपैकी एखाद्या अंकात असण्याचा संभव मला अधिक वाटतो, तरीही स्मरणिकेची मुदत जवळ असल्यास तिच्यासाठी शाळेच्या ग्रंथालयातील छापील अंकच काढून घ्या. आणि ते अंक हाताशी आलेच आहेत, तर त्यांच्या अनुक्रमणिकांची छायाचित्रेही त्याच वेळी काढून घ्या. सूचीचे काम मग घरी बसून करता येईल, आणि पूर्ण झाल्यावर तिची एक प्रत शाळेच्या ग्रंथपालांनाही देता येईल.